हातातल्या गेमला कोणता रेग्युलेटर लावू? चोपड्याच्या प्रश्नाला जळगावातून उत्तर

प्रश्न चोपड्याहून आलाय, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याचा. त्याने रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू हा इवलासा कॉम्प्युटर बोर्ड (पुढे नुसतं 'पाय' किंवा 'झिरो' म्हणतो), २.८ इंची स्क्रीन, बारा बटणं आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेले दोन १८६५० मापाचे लिथियम सेल जोडून हातात धरून खेळायचा गेम बनवलाय. सेल सिरीजमध्ये, पुढे ७८०५, म्हणजे व्होल्टेज ५ वर धरून ठेवणारा रेग्युलेटर आयसी. दहा मिनिटं झकास चालतो, मग ७८०५ ला बोट लावता येत नाही आणि गेम मध्येच बंद पडून पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. एकाने सांगितलं हीटसिंक लाव, दुसऱ्याने सांगितलं व्होल्टेज उतरवणारा एलएम२५९६ घे, तिसऱ्याने व्होल्टेज चढवणारा एमटी३६०८. यातला सगळ्यात चांगला कोणता, हा सवाल.

डिप्लोमाला आहेस म्हणून 'तू' म्हणतो, राग मानू नकोस भो. माझं रिपेअरिंगचं टेबल पंचवीसेक वर्षांपासून आहे आणि हा प्रश्न या ना त्या रूपात माझ्याकडे दर महिन्याला येतो. कधी ब्लूटूथ स्पीकर घेऊन कोणी येतं, कधी फवारणी पंपाचं सर्किट, कधी गेम. प्रत्येक जण रेग्युलेटरचं नाव विचारतो. मी उलट विचारतो, तुझा लोड किती अँपिअर खातो? शंभरातले नव्वद गप्प होतात. तूही प्रश्नात करंट लिहिलेला नाहीस. आत काय, बाहेर काय आणि मध्ये किती करंट, हे तीन आकडे कागदावर आले की निवडायला फारसं काही शिल्लकच राहत नाही. तेव्हा आधी आकडे काढू.

माझ्याकडे हाच पाय दोन वेळा येऊन गेलाय. मीटर लावून पाहिलं तेव्हा जुने आठ-बिटी गेम चालू असताना स्क्रीनसकट अर्धा अँपिअरच्या आसपास, थोडा वर. सुरू होताना आणि वायफाय जागं होताना क्षणभर पाऊण ते एक अँपिअर. तुझी स्क्रीन वेगळी असेल, आवाज मोठा ठेवत असशील, तर आकडा सरकेल. म्हणून स्वतः मोज. तोवर हिशेबाला ०.५५ धरू.

आता ७८०५ बघ. हा लिनिअर रेग्युलेटर आहे. जास्तीचं व्होल्टेज तो उष्णता करून टाकतो, दुसरं त्याला काही येत नाही. दोन सेल पूर्ण भरले की ८.४ व्होल्ट. बाहेर ५. मधले ३.४ व्होल्ट गुणिले ०.५५, म्हणजे जवळपास १.९ वॅट त्या इवल्या आयसीत जळतायत. हीटसिंक नसताना या पॅकेजचं तापमान दर वॅटला साधारण ६५ अंशांनी चढतं, म्हणजे सव्वाशेच्या जवळ. त्यात मे महिन्यातल्या आपल्याकडच्या खोलीचे ४० मिळव. आतली चिप १६० च्या घरात जायला बघते. तिची परवानगी १२५ अंशांपर्यंत, आणि दीडशेच्या आसपास ती स्वतःला वाचवायला आपोआप बंद होते. गार झाली की पुन्हा सुरू. तुझा गेम पहिल्यापासून सुरू होतो त्याचं कारण हे. आयसी खराब नाही, दुसरा ७८०५ आणलास तरी तो हेच करणार.

बरं, हीटसिंक लावला असं समज. चिप वाचेल, पण ते १.९ वॅट जातील कुठे? त्याच बंद डबीत, सेलच्या शेजारी. शिवाय दुसरं दुखणं पुढे वाटच बघत बसलंय. ७८०५ ला आत निदान ७ व्होल्ट लागतात, तेव्हा तो बाहेर नीट ५ देतो. दोन सेलचे ७ व्होल्ट म्हणजे प्रत्येकी साडेतीन. तिथे सेलमध्ये अजून बराच माल शिल्लक असतो, आणि तुझा पाय मात्र उपाशी. भरल्या पोटी तापतो आणि अर्ध्या पोटी कोसळतो, अशी ही जोडी आहे. सरासरीने ७.४ आत आणि ५ बाहेर धरलं तर एक तृतीयांश बॅटरी फक्त डबी गरम करण्यात जाते.

म्हणून लिनिअर वाईट असं मात्र समजू नकोस. इथेच बहुतेकांची गल्लत होते. लिनिअरची कार्यक्षमता म्हणजे बाहेरचं व्होल्टेज भागिले आतलं, बस. तू पायऐवजी ईएसपी३२ या वायफायवाल्या छोट्या चिपवर छोटा गेम केला असतास तर त्याला ३.३ व्होल्ट लागले असते. एक लिथियम सेल सरासरी ३.७. ३.३ भागिले ३.७ म्हणजे ८९ टक्के. तेवढं तर कॉइल वापरून व्होल्टेज बदलणारा चांगला स्विचिंग बोर्डही जेमतेम देतो, आणि हा बापडा ना शिट्टी मारतो, ना त्याला कॉइल लागते. फक्त तिथे एएमएस१११७ हा लिनिअर लावायचा नाही. आतलं आणि बाहेरचं व्होल्टेज यात त्याला एक-सव्वा व्होल्टचं अंतर लागतं, म्हणजे आत साडेचार हवेत, आणि सेल तर पूर्ण भरलेला असतानाही ४.२ वर थांबतो. बाजारात मिळणाऱ्या अर्ध्या बोर्डांवर हाच बसवलेला असतो आणि पोरं म्हणतात ईएसपी हँग होतो. तिथे एपी२११२ सारखा कमी अंतरावर चालणारा घ्यायचा, तो ६०० मिलिअँपिअर देतो. एचटी७३३३ झोपेत जेमतेम ४ मायक्रोअँपिअर खातो म्हणून लोकांना आवडतो, पण त्याची ताकद २५० मिलिअँपिअरची. वायफाय चालू केलंस की तो गुडघे टेकतो. बटणाच्या खेळाला, वायफाय बंद ठेवून, उत्तम.

पण तुझ्याकडे पाय आहे आणि पायला ५ व्होल्ट हवेत. मग रस्ते दोन. सेल सिरीजमध्येच ठेवून ७.४ चे ५ करायचे, किंवा सेल पॅरलल करून ३.७ चे ५ करायचे.

पहिल्या रस्त्यावर एलएम२५९६ चालेल, पण मी घेणार नाही. जुना आयसी, १५० किलोहर्ट्झवर चालतो, म्हणून कॉइल मोठी आणि बोर्ड जाडजूड. त्यालाही आत ७ व्होल्ट हवेत, म्हणजे ७८०५ चं दुसरं दुखणं जसंच्या तसं. त्यापेक्षा एमपी२३०७ चा नखाएवढा बोर्ड बरा, तो पावणेपाच व्होल्टपासून पुढे काम करतो. खरी अडचण मात्र रेग्युलेटरची नाहीच, चार्जिंगची आहे. सिरीजमधले दोन सेल सारखे भरायला बॅलन्स करणारं सर्किट आणि ८.४ व्होल्टचा चार्जर लागतो. मोबाइलचा चार्जर आणि टीपी४०५६, म्हणजे एक सेल भरायचा छोटा बोर्ड, इथे चालत नाही. जुन्या लॅपटॉपमधले सेल कधीच सारखे नसतात. एक आधी भरतो, दुसरा रेंगाळतो, आणि आधी भरलेल्यावर जादा व्होल्टेज चढत राहतं. पोराच्या हातात द्यायच्या वस्तूत मला ते नको.

म्हणून माझं मत सांगतो: सेल पॅरलल कर आणि बूस्ट बोर्ड लाव. आधी दोन्ही सेल वेगवेगळे पूर्ण चार्ज कर, मीटरवर दोघांत ०.०५ व्होल्टपेक्षा जास्त फरक नको, मगच एकमेकांना जोड. एक ४.१ आणि एक ३.५ असा जोडलास तर भरलेला सेल रिकाम्यात असा ओततो की तारा गरम होतात.

बूस्ट म्हणजे काय ते तुला स्टॅबिलायझरवरून सांगतो, कारण मी स्वतः तिथूनच शिकलो. पूर्वी शेतवस्तीवर संध्याकाळी लाइट १५०-१६० व्होल्टवर यायची. टीव्हीचं चित्र चारही बाजूंनी आकसायचं, मग स्टॅबिलायझर टक्कन रिले बदलून वरच्या टॅपवर जायचा आणि टीव्हीला २२० मिळायचे. लोकांना वाटायचं मशीनने वीज तयार केली. फुकट काही मिळत नव्हतं. टीव्हीला तेवढीच पॉवर द्यायची तर लाइनमधून जास्त करंट ओढावा लागायचा, आणि सगळ्या वस्तीचे स्टॅबिलायझर एकदम वर चढले की लाइन आणखी बसायची. तुझा बूस्ट बोर्ड अगदी हेच करणार. पायला ५ व्होल्टला ०.५५ अँपिअर म्हणजे पावणेतीन वॅट. ८५ टक्के कार्यक्षमता धरली तर सेलमधून सव्वातीन वॅट. सेल ४.२ वर असताना पाऊण अँपिअर, ३.३ वर आला की पूर्ण एक. आणि पायने क्षणभर ०.९ मागितला तर सेलकडून १.६. सेल जितका दमलेला, तितकं त्याच्याकडून जास्त ओढलं जातं. म्हणून हे गेम कधीही भर बॅटरीत मरत नाहीत, शेवटच्या पाव हिश्शात मरतात.

एमटी३६०८ वर २ अँपिअर लिहिलेलं असतं. तो कागदावरचा आकडा समज, बाहेर ५ व्होल्टला २ अँपिअर मिळतील अशा भ्रमात राहू नकोस. एका सेलवरून मी त्याच्याकडून सातत्याने पाऊण अँपिअरपर्यंतच अपेक्षा ठेवतो. तुला तो पुरतो. पाय ४ असता तर नाही म्हणालो असतो. एक्सएल६००९ कोणी सुचवला तर नमस्कार कर, त्याला आतच ५ व्होल्ट लागतात.

आता माझी फजिती ऐक, म्हणजे तुझे पैसे वाचतील. पहिला एमटी३६०८ आणला तेव्हा न मोजता थेट लोड जोडला. या बोर्डावर बाहेरचं व्होल्टेज ठरवायचा निळ्या डबीचा प्रीसेट असतो, म्हणजे फिरवून बदलायचा रेझिस्टर, वर पितळी स्क्रू. कारखान्यातून तो कुठेही फिरवलेला येतो आणि बोर्ड २८ व्होल्टपर्यंत देऊ शकतो. माझा किती देत होता ते नंतर कळलं, पाय मेल्यावर. तेव्हा पायला जोडण्याआधी नुसत्या सेलवर बोर्ड लाव, बाहेर मीटर लाव आणि स्क्रू घड्याळाच्या उलट फिरव. पहिले दहा-पंधरा फेरे काहीच होत नाही, माणसाला वाटतं बोर्ड खराब आहे. फिरवत राहा. मग एकदम आकडा पडायला लागतो. ५.१ वर थांब. ५.० नको, तारेत थोडं पडणारच.

पुढची पायरी बहुतेक जण करत नाहीत, तू कर. तो प्रीसेट काढून टाक. खिशात, दप्तरात, एसटीच्या धक्क्यांत आतला सरका हलतो आणि व्होल्टेज बदलतं. हा आयसी बाहेरच्या व्होल्टेजचा दोन रेझिस्टरांनी पाडलेला हिस्सा (फीडबॅक) ०.६ व्होल्टवर धरून ठेवतो आणि बहुतेक बोर्डांवर खालचा रेझिस्टर २.२ किलोओहमचा. तुझ्या बोर्डावर मीटरने तपासून घे. तेवढाच असेल तर वरच्या जागी १५ किलो आणि १.५ किलो सिरीजमध्ये लाव. १६.५ भागिले २.२ म्हणजे साडेसात, त्यात एक मिळवून ०.६ ने गुणलं की ५.१. कायमचं पक्कं.

हे सगळं करूनही रिस्टार्ट होत असेल तर दोष सहसा तारांत किंवा स्विचमध्ये सापडतो. गेल्या वर्षी असाच एक गेम टेबलावर आला होता. बोर्डाच्या तोंडावर ५.१, पायच्या पिनांवर खेळताना ४.७ आणि मध्येच आणखी खाली. मी मीटरची एक सुई स्विचच्या या टोकावर ठेवली, दुसरी त्या टोकावर. चालू स्विचच्या दोन टोकांत ०.२८ व्होल्ट! खेळण्यातला तो बारीक सरकता स्विच, ज्याची लायकी तीनशे मिलिअँपिअरची, त्यातून दीड अँपिअर जात होता. आत काळा पडलेला. तो सेल आणि बूस्ट यांच्या मध्ये होता, म्हणजे तिथे पडलेल्या पाव व्होल्टची भरपाई करायला बूस्ट आणखी ओढणार, की आणखी पडणार. मी छोटा रॉकर स्विच लावला, सेलपासून बोर्डापर्यंतची आणि बोर्डापासून पायपर्यंतची तार जाड आणि चार बोटांएवढी आखूड केली, पायच्या ५ व्होल्टच्या पिनेला चिकटून ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला. रेग्युलेटर तोच ठेवला, गेम आजही चालतोय. स्विच मात्र बूस्टच्या आधीच हवा. एमटी३६०८ बंद केला तरी सेलची वीज कॉइल आणि डायोडमधून पुढे जातच राहते, त्याची चालू-बंदची (इनेबल) पिन खाली ओढून गेम बंद झाला असं मानू नकोस.

आणखी एक. पाय ३, पाय ४ वर व्होल्टेज ४.६३ च्या खाली घसरलं की स्क्रीनच्या कोपऱ्यात विजेचं चिन्ह येतं. झिरोच्या घराण्यात ती सोयच नाही. तो बिचारा न सांगता अडकतो किंवा रिस्टार्ट होतो आणि पोरं मेमरी कार्डाला शिव्या देत बसतात. म्हणून झिरोवर मीटर हाच तुझा इशारा, आणि मोजायचं बोर्डाच्या तोंडावर नाही, पायच्या पिनांवर, तेही गेम चालू असताना.

आवाजाचं तू विचारलं नाहीस, पण विचारशील. बूस्ट लावला की स्पीकरमधून बारीक चीं ऐकू येते, लोड कमी असताना जास्त. अँप्लिफायरला त्याच ५ व्होल्टवर टांगू नकोस. मॅक्स९८३५७ सारखा अँप्लिफायर अडीच ते साडेपाच व्होल्टवर चालतो, त्याला स्विचच्या पुढून थेट सेलची लाइन दे आणि त्याची ग्राउंडची तार स्वतंत्रपणे सेलपर्यंत ने. माझ्याकडे आलेल्या बहुतेक गेमची चीं एवढ्यानेच गेली. आवाज किंचित कमी होतो, घरच्यांची काही तक्रार नसते.

चार्जिंगला टीपी४०५६ चा संरक्षण असलेला बोर्ड घे, सहा टोकांचा. चार टोकांचा घेऊ नकोस, त्यात सेलचं संरक्षण नसतं. या संरक्षणावर सगळा भरवसाही ठेवू नकोस, ते सेल २.४ व्होल्टला आल्यावर वीज तोडतं, तोवर सेलचं नुकसान झालेलं असतं आणि पायचं कार्डही अर्धवट लिहिताना तुटतं. एडीएस१११५ सारखा छोटा एडीसी, म्हणजे व्होल्टेजचा आकडा करून देणारी चिप, लावून सेलचं व्होल्टेज पायला वाचू दे आणि ३.३ ला त्याला स्वतःहून नीट बंद व्हायला सांग. गेम चालू ठेवून चार्ज करणं टाळ. टीपी४०५६ चार्ज संपल्याचं करंट दहाव्या हिश्शावर आलं की ओळखतो, लोड चालू असला की त्याला ते कळतच नाही.

आणि आपल्याकडच्या उन्हाळ्याचं वेगळं सांगायला हवं, कारण परदेशातल्या व्हिडिओंत ते कोणी सांगत नाही. लिथियम सेल चार्ज करायची वरची मर्यादा साधारण ४५ अंश धरतात. भुसावळ-जळगावला मेमध्ये बाहेरची हवाच तिथे पोचते. त्यात टीपी४०५६ स्वतः लिनिअर आहे, एक अँपिअरने भरताना तोही दीड वॅटच्या आसपास उष्णता सोडतो, आणि तू त्याला सेलला चिकटवून बसवणार. त्याच्यावरचा १.२ किलोओहमचा रेझिस्टर बदलून २.४ कर, करंट अर्धा अँपिअर होईल. वेळ दुप्पट लागेल, लागू दे. रात्री लावून ठेवायचा मोह टाळ, पहाटे गारव्यात लाव. बोर्ड आणि सेल यांच्यात बोटभर मोकळी जागा ठेव, डबीला दोन बाजूंनी भोकं पाड. थ्रीडी प्रिंटची पीएलए प्लास्टिकची डबी असेल तर ती साठ अंशांच्या आसपास मऊ पडते, गाडीच्या डिकीत ठेवलीस तर आकार बदललेला मिळेल.

कुणी म्हणेल, एवढा उपद्व्याप कशाला, पॉवर बँकेचा तयार बोर्ड लाव, चार्जिंग आणि ५ व्होल्ट एकातच. खरं आहे, पायसाठी तो सोपा मार्ग आहे आणि मी नाही म्हणणार नाही. दोन गोष्टी बघून घे. चार्जरची पिन काढता-घालताना बऱ्याच बोर्डांचा आउटपुट क्षणभर जातो, तेवढ्यात गेम रिस्टार्ट. आणि लोड फार कमी असला की अर्ध्या मिनिटात तो स्वतःहून झोपतो. पायचा लोड मोठा म्हणून तुला ती अडचण नाही, ईएसपीवाल्यांना आहे. दुकानात घेतानाच बोर्डाला मोबाइल लावून चार्जरची पिन काढून-घालून बघ, मोबाइलवरचं चार्जिंगचं चिन्ह गेलं की बोर्ड परत दे.

सेलचं शेवटचं. जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा ऑनलाइन कुणी ९८०० मिलिअँपिअर-तास लिहिलेला १८६५० दाखवला तर हातात घेऊन वजन बघ. खऱ्याचं वजन पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास भरतं आणि या मापात साडेतीन हजारांच्या वर फारसं कोणी देत नाही. तुझे जुने लॅपटॉपचे सेल १८०० चे उरले असतील असं धरलं तरी दोन पॅरलल, बूस्टवर, चारेक तास चालतील. ७८०५ वर तेच सेल अडीच तासही काढणार नाहीत, तेही तापून दम घेत घेत.

आता कर इतकंच: सेल पॅरलल करायच्या आधी प्रत्येकाचं व्होल्टेज लिही, नंतर गेम चालू असताना चार ठिकाणी मोज. सेलच्या टोकांवर, स्विचच्या पुढे, बूस्टच्या बाहेर आणि पायच्या पिनांवर. हे चार आकडे आणि करंट इथे टाक. कुठल्या दोन आकड्यांत मोठी दरी आहे ते दिसलं की तार बदलायची की स्विच, ते लगेच सांगता येईल.